कवयित्री : वेलांटी नेमकी कोणाची?

धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संकेतस्थळाचा मजकूर बघणाऱ्या ताईंनी विचारलंय : जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावात सुरुवातीला ‘कवयित्री’ की ‘कवियत्री’? जुन्या सूचनांमध्ये दोन्ही सापडतात. आणि एवढं लांब नाव दर वेळी लिहायचं, की ‘क.ब.चौ.उ.म.वि.’ चालेल?

ताई, ‘कवयित्री’च. वेलांटी ‘य’ची, ‘व’ची नाही. मूळ संस्कृत शब्द ‘कवयितृ’. ‘रचयितृ’वरून पुल्लिंगी रचयिता आणि स्त्रीलिंगी रचयित्री होतं, तशीच ही कवयित्री. ‘कवि’ला ‘यत्री’ जोडून शब्द झालेला नाही. ‘यत्री’ नावाचा प्रत्ययच नाही. पण कानाला ‘कवि’ ओळखीचा, म्हणून जीभ तिकडे घसरते.

तुमच्या सूचनांमधल्या सगळ्याच चुका मात्र जिभेच्या नसाव्यात, काही बोटांच्या असतील. टंकयंत्रावर ‘मराठी ३०’ (मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा) पास झालेल्या कुणालाही विचारून बघा. यंत्रावर जे आधी दिसतं ते आधी ठोकायचं. वेलांटीचा दांडा अक्षराच्या डावीकडे, म्हणून क, व, वेलांटी, मग य. कागदावर बरोबर ‘कवयित्री’ उमटायचं. संगणकावरचे युनिकोडच्या आधीचे फाँटही याच सवयीने चालायचे. युनिकोडात इनस्क्रिप्टने (भारतीय लिप्यांसाठीच्या कळमांडणीने) लिहिताना आधी अक्षर आणि मग वेलांटी. बोटं जुन्या वळणाने गेली की तीच वेलांटी मागच्या ‘व’ला चिकटते आणि ‘कवियत्री’ तयार! ‘विद्यापीठ’ लिहिताना हीच चूक लगेच सापडते, कारण शब्दाच्या सुरुवातीला वेलांटीला धरायला मागे अक्षर नसतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं. शब्दाच्या पोटातली वेलांटी गुपचूप शेजारच्या घरात जाऊन बसते.

माझंही झालंय असं. एका कार्यक्रमाची पत्रिका तपासायला माझ्याकडे होती. टंकणारा म्हणाला, “भाऊ, बरोबरच तं लिखेल शे,” आणि मी मान डोलावली. ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व आहे ना, हे मी दोनदा पाहिलं होतं (एकटा ‘कवी’ दीर्घ, समासात पुढे आला की ऱ्हस्व). सगळ्यात वर, सगळ्यात ठळक अक्षरांत ‘कवियत्री’ होतं, तिकडे नजरच गेली नाही.

कागदावरची चूक डोळ्याला खुपते आणि विसरली जाते. संकेतस्थळावर आणखी एक त्रास : कुणी अचूक शब्द टाकून पानात शोधलं, तर चुकीचा शब्द त्याला सापडत नाही. तेव्हा सगळ्या मजकुरात ‘कवियत्री’ शोधा, आणि वेलांटीच गाळलेला ‘कवयत्री’सुद्धा.

आता लघुरूप. विद्यापीठ १९९० सालचं, तेव्हा नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’; बहिणाबाईंचं नाव लागलं २०१८मध्ये. मधल्या काळात जळगाव-धुळे-नंदुरबारला ‘उमवि’ तोंडी बसलं ते बसलंच. वर्तमानपत्रांनी त्याच्यापुढे ‘कबचौ’ जोडून ‘कबचौ उमवि’ केलं. बातमीच्या मथळ्यात ते खपून जातं. तुम्ही पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहा, पुढे नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणा; तुमच्या वाचकाला दुसरं कुठलं वाटणार आहे? प्रत्येक अक्षरामागे टिंब मला तरी नको वाटतं. कुणी टिंबानंतर जागा सोडतं, कुणी नाही, आणि जागा सोडली तर मोबाइलवर ‘उ. म.’ एका ओळीत राहतं, ‘वि.’ खालच्या. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ची टिंबं अर्थातच राहू द्या.

आणि नाव एका फटक्यात सगळीकडे बदलायला जाल, तर जरा थांबा. २०१०च्या पदवीबद्दल किंवा तेव्हाच्या परिपत्रकाबद्दल लिहिलं असेल, तर तिथे ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’च हवं. त्या कागदावर तेच नाव आहे.