वणव्यानंतर विमा सर्वेअरला काम मिळतं का? कोकणातला माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की लॉस एंजेलिसच्या आगींनंतर तिकडच्या विमा अ‍ॅडजस्टरना (नुकसान मोजून क्लेमचा आकडा काढणारी माणसं, आपल्याकडचे विमा सर्वेअर) भरपूर काम मिळालं असं वाचनात आलं, तुमचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, गाव राजापूर तालुक्यात आहे, तिथेही दरवर्षी वणवे लागतात. तर सर्वेअर झालात तर असं काम इथे मिळेल का, आणि ते मिळवायचं कसं?

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बरीच वर्षं फायर आणि मोटरचे सर्व्हे करतोय. सर्वेअर जरूर व्हा, पण वणव्याच्या भरवशावर होऊ नका.

आधी तिकडचं बघा. ७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी लागल्या आणि दोन्ही मिळून १६ हजारांवर इमारती गेल्या. तिथे बहुतेक घरांवर कर्ज असतं आणि कर्ज देणारा विम्याशिवाय कर्ज देत नाही. म्हणजे घर जळलं की क्लेम आलाच. कंपनीची स्वतःची माणसं पुरत नाहीत, मग ती अ‍ॅडजस्टर पुरवणाऱ्या फर्मना फोन करते, आणि फर्मकडे नावांची यादी आधीपासून तयार असते. आणीबाणी जाहीर झाली की कॅलिफोर्नियात बाहेरच्या राज्यातल्या अ‍ॅडजस्टरनाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली तात्पुरतं काम करता येतं. पण धूर दिसल्यावर नाव नोंदवायला निघालेल्याला तिथेही पहिला फोन येत नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हे वणव्याचे दिवस. सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या माळावर, गवत वाळून उभं असतं. भाजावळ करताना, म्हणजे पेरणीआधी शेत भाजताना, विस्तव निसटतो, कुणी विडी टाकतं, कुठे वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना लागून ठिणगी पडते. एका दुपारीत शे-दीडशे कलमं, काजू, ठिबकच्या नळ्या, गवताच्या उडव्या, एखादा मांगर (बागेतली खोपी) संपतो. नुकसान मोठं असतं, पण त्यातल्या जवळजवळ कशाचाच आगीचा विमा नसतो. गावचं कौलारू घर चार भावांच्या आणि त्यांच्या मुलांच्या नावावर, निम्मे मुंबईला. त्याचा विमा काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. विमा सापडतो तो बँकेचं कर्ज असेल तिथे: काजू प्रक्रियेचा कारखाना, आंब्याची पॅकिंग शेड, किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, बाजारपेठेतलं दुकान.

बागायतदाराला मात्र वाटत असतं की आपला विमा आहे, कारण त्याने हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता भरलेला असतो. तो विमा अवेळी पाऊस, तापमान, वेगाचा वारा यांचा. पैसे ठरतात ते हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. वणव्यात होरपळलेल्या कलमाला त्यात जागा नाही. कलम लावून चांगलं पीक हाती यायला आठ-दहा वर्षं जातात, आणि ज्याने ती वर्षं घातलीत त्याला त्याच्याच जळक्या बागेत उभं राहून हे सांगावं लागतं. माझ्या कामातला हा भाग मला आजही जड जातो. तुम्ही या धंद्यात आलात तर गावातल्या लोकांना हा फरक हप्ता भरतानाच समजावून सांगा. आगीनंतर सांगून उपयोग नसतो.

आता एक केस सांगतो. मार्च २०१९, देवगड तालुका. आंब्याची पॅकिंग शेड, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. बँकेचं कॅश क्रेडिट होतं म्हणून शेड आणि आतला माल, दोन्हींचा विमा. हंगाम तोंडावर आलेला, आत सॉ मिलमधून आणलेल्या लाकडी पेट्या रचून ठेवलेल्या. सड्यावरून वणवा उतरला, दाराशी ठेवलेल्या पेंढ्याने पेट घेतला आणि तासाभरात सगळं बसलं. मालकाचा क्लेम दोन हजार पेट्यांचा. मी पोचलो तेव्हा त्याचे काका उंबऱ्यावर बसून होते. म्हणाले, "सायबानु, आता हयसर राखेशिवाय काय गावतला?"

खिळे गावले. लाकूड जळतं, खिळा राहतो. मागच्या पडवीत चार पेट्या शाबूत होत्या. त्या मोडल्या, खिळे काढून आंब्याच्याच काट्यावर तोलले, एका पेटीला किती वजन पडतं ते काढलं. मग वाळूच्या चाळणीने शेडमधली सगळी राख चाळली. दोन दिवस लागले. खिळे निळसर काळे पडलेले, काही बोटाने वाकवले तर तुटत होते. हिशेब एकोणीसशेच्या आसपास आला. सॉ मिलचं बिल दोन हजारांचं. मधल्या शंभरेक पेट्यांचं कोडं त्याच्याच फाईलमधल्या ट्रान्सपोर्टच्या पावतीने सुटलं: पहिल्या तोडीचा माल त्या पेट्यांत भरून आधीच वाशीला गेला होता आणि धांदलीत तो ते विसरला होता. त्याने खोटं काही लावलं नव्हतं. खिळे मोजले नसते तर शंभर पेट्यांच्या फरकावरून त्याच्या सगळ्याच आकड्यांवर संशय घेतला गेला असता.

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक होता. तेव्हाच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत बुश फायर (झुडपी रानातली आग) धरलेली होती, पण फॉरेस्ट फायर (जंगलातली आग) वगळलेली. ती हवी तर जादा हप्ता भरून घ्यायची. म्हणजे वणवा कुठे पेटला यावर सगळा क्लेम लटकलेला. मालक आणि मी उलट्या वाटेने वर चढत गेलो. बागेच्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे सड्याकडच्या अंगाने काळे झाले होते, शेडकडच्या अंगाने तांबडेच होते. आग ज्या बाजूने येते ती बाजू दगडावर अशी लिहिलेली असते. तसं दगड बघत बघत आम्ही रस्त्याकडेच्या एका गवताळ तुकड्यापर्यंत पोचलो. तलाठ्याकडून सातबारा काढला. खासगी जमीन, वनखात्याचा संबंध नाही. फोटो, नकाशा आणि सातबारा जोडून रिपोर्ट दिला. क्लेम मंजूर झाला.

ही अडचण आता बरीच सुटली आहे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसींत झुडपी रानातली आग आणि जंगलातली आग दोन्ही धरल्या आहेत. तरी आगीची वाट शोधायची सवय सोडू नका. मालकाने स्वतः लावलेली आग आणि सड्यावरून आलेली आग यांतला फरक तिथेच कळतो. गावात अग्निशमन दलाचा दाखला बहुधा मिळत नाही, म्हणून पोलिसांचा आणि तलाठ्याचा पंचनामा, विजेचा संशय असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल, हे पहिल्याच भेटीत मागून ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, त्यातला आकडा विम्याचा आकडा नव्हे. लोकांची इथे फार गल्लत होते.

त्या एका रिपोर्टनंतर विमा कंपनीच्या त्याच ऑफिसातून मला नेमाने कामं यायला लागली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मुंबई, पुणे, कोल्हापूरहून सर्वेअर आले, पण माझ्याकडे पाणी ओसरताच दुकानांची भलीमोठी यादी आली, कारण माझं नाव पॅनेलवर, म्हणजे कंपनीच्या सर्वेअरांच्या यादीत, होतं आणि माझे रिपोर्ट तिथल्या लोकांनी वाचलेले होते. कोकणात मोठं काम येतं ते असं: पुराने, नाहीतर ३ जून २०२० च्या निसर्गसारख्या वादळाने. वणव्याच्या केसेस वर्षाकाठी मोजक्याच येतात, पण त्यांत माणूस पारखला जातो.

पॅनेलवर यायचं तर आधी परवाना. सिव्हिलचा डिप्लोमा चालतो. आयआरडीएआयकडे (विमा क्षेत्राचं सरकारी नियामक मंडळ) शिकाऊ म्हणून नोंदणी, अनुभवी सर्वेअरच्या हाताखाली प्रशिक्षण, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, आणि सर्वेअरांच्या संस्थेचं, म्हणजे आयआयआयएसएलएचं सभासदत्व. मोटर सोडून इतर विम्यात एक लाखाच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्वेअर लागतो असा २०१५ च्या नियमांचा दंडक आहे. २०२४ पासून सर्वेअर चोवीस तासांत नेमायचा आणि रिपोर्ट पंधरा दिवसांत घ्यायचा असं कंपन्यांवर बंधन आलंय. त्यामुळे राजापुरात राहणारा माणूस कंपनीला मुंबईच्या माणसापेक्षा सोयीचा पडतो. ही तुमची जमेची बाजू आहे, विमा कंपनीच्या डिव्हिजनल ऑफिसात जाऊन ती स्पष्ट सांगा, आणि हे फेब्रुवारीच्या आधी करा.

जळलेल्या गावात जाऊन "तुमचा क्लेम मी करून देतो" असं कुणाला सांगत फिरू नका. अमेरिकेत विमेदाराच्या बाजूने लढणारा परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर असतो. आपल्याकडे सर्वेअरला विमा कंपनी नेमते, फीही तीच देते आणि त्याने दोघांशीही सरळ वागायचं असतं.

प्रशिक्षणासाठी एखाद्या सर्वेअरकडे जाल तेव्हा नुसतं सर्टिफिकेट नेऊ नका. गावातला एक जुना गोठा निवडा. चिरे, वासे, कौलं, पत्रे मोजा, आजच्या दराने नवा बांधायला किती लागेल आणि वयाची घट किती धरायची ते मांडा, आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. माझ्याकडे असा कागद घेऊन आलेल्या मुलाला मी कधी परत पाठवलेलं नाही.