संप्रेरके मेंदूतील जोडण्या काही मिनिटांत बदलू शकतात का?

प्रश्न : संप्रेरके रक्तातून पसरतात आणि त्यांचा परिणाम सावकाश दिसतो, असे आम्ही शिकलो. अलीकडे एका व्याख्यानात मात्र ती मेंदूतील पेशींच्या जोडण्या मिनिटांत बदलतात, असे ऐकले. खरे काय? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपण शिकलात ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन गटातील मुख्य संप्रेरक) किंवा कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) यांसारखी स्टेरॉइड संप्रेरके पेशीत शिरून तेथील ग्राहींना, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनांना, जोडली जातात आणि जनुकांचे कार्य कमीजास्त करतात. नवी प्रथिने तयार होऊन परिणाम जाणवेपर्यंत काही तास सहज लोटतात. मात्र काही ग्राही पेशीपटलावरच असतात आणि ते जनुकांची वाट न पाहता पेशीतील रासायनिक संदेश लगेच सुरू करतात.

स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींच्या फांद्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात व बहुतेक उत्तेजक संदेश तेथेच स्वीकारले जातात. मादी उंदरांचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. त्यात इस्ट्रोजेन शिखरावर असतानाच्या तुलनेत अवघ्या 24 तासांनी या उंचवट्यांची दाटी सुमारे 30 टक्क्यांनी घटलेली असते, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकएवन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवले. प्रौढ मेंदूची रचना स्थिर असते, या त्या काळच्या समजुतीला हा मोठाच धक्का होता. पुढे हिप्पोकॅम्पसच्या जिवंत कापांवर इस्ट्रॅडिऑल सोडले असता चेतासंधींचा, म्हणजे चेतापेशींमधील जोडण्यांचा, विद्युत प्रतिसाद काही मिनिटांत वाढतो, हेही दिसले. उंचवट्यांना आकार देणाऱ्या अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची जुळणी त्यामुळे वाढते, आणि आधीच असलेल्या प्रथिनाची फेरमांडणी करायची असल्याने वेळ कमी लागतो. एवढ्या तातडीसाठी रक्तावर अवलंबून राहावे लागत नाही, कारण अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने मेंदू स्वतःच, आणि नरांमध्येही, टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रॅडिऑल बनवतो.

या उंदरांवरील निष्कर्षांवरून स्त्रियांची बुद्धी महिन्याच्या अमुक दिवशी कमी होते, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. उंचवट्यांची संख्या म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे.

ताणाच्या संप्रेरकाबाबत तर दोन्ही गती एकाच पेशीत आढळतात. कॉर्टिसॉलचे उंदरांतील रूप असलेले कॉर्टिकोस्टेरॉन हिप्पोकॅम्पसला मिळताच ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचे स्रवणे मिनिटांत वाढते आणि संप्रेरक काढून घेतल्यावर ते ओसरते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले. विशेष म्हणजे हे घडवून आणणारा ग्राही त्यापूर्वी जनुकांच्या नियमनासाठीच परिचित होता. त्याच संप्रेरकाचा जनुकांमार्फत होणारा परिणाम काही तासांनी येतो आणि त्या पेशींची वाढलेली उत्तेजना आवरतो.