बांधाआडचा मुख्यमंत्री

प्रश्न : शेतकऱ्याचा मुलगा पुढारी होणं आपल्याकडे नवं नाही. पण जर्मनीसारख्या कारखान्यांच्या देशात असा कोणी मुख्यमंत्री झालाय का? तोही शेतीच्या जोरावर?
– एक वाचक, पेण

उत्तर : तुम्ही खारपट्टीतले, म्हणून पेटर हारी कार्स्टनसेन यांचंच नाव घेतो. श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याचे ते 2005 ते 2012 मुख्यमंत्री होते. जन्म 1947 चा, उत्तर समुद्राकाठच्या एलिझाबेथ-सोफिएन-कोग या गावी, शेतकऱ्याच्या घरात. ‘कोग’ म्हणजे आपली खारबंदिस्तीच हो! भरतीचं पाणी बांधानं अडवायचं, आतलं ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, सोडायचं आणि मधली जमीन पिकाखाली आणायची. खारभूमीच्या कामात माझी उमर गेली, त्यामुळे तिथं गेलो तेव्हा आधी बांध बघितला. दुमजली घराएवढा हिरवागार उंचवटा, त्यावर मेंढ्या चरतायत. कोणाच्या, म्हणून विचारलं तर कळलं, त्या कामावर आहेत! गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबून बसवतात. 1634 च्या एका तुफानात तिथलं श्ट्रांड नावाचं बेटच फुटलं होतं. अशा मुलखातल्या माणसाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

पण कार्स्टनसेन पुढे आले ते नांगर धरून नव्हे, खडू धरून. कील शहरात शेतीशास्त्र शिकले, मग ब्रेडश्टेटच्या शेतकी शाळेत मास्तर झाले. आसपासच्या शेतकऱ्यांची पोरं समोर बाकावर. माझ्या मते मतदारसंघ तिथंच तयार झाला. 1983 पासून बावीस वर्षं केंद्रीय संसदेत, त्यातली 1994 ते 2002 कृषी समितीचे अध्यक्ष. इथवर शेतीचा जोर खराच.

खुर्ची मात्र एका फुटलेल्या मतानं दिली. मार्च 2005 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्री हायडे झिमोनिस यांना पुन्हा निवडून यायला 35 मतं हवी होती, आणि त्यांच्या बाजूला आमदारही बरोबर 35. गुप्त मतदान चारदा झालं, चारही वेळा 34! घरचंच कोणीतरी फुटलं. शेवटी दोन मोठे पक्ष, झिमोनिस यांचा आणि कार्स्टनसेन यांचा, एकत्र बसले आणि एप्रिलमध्ये कार्स्टनसेन मुख्यमंत्री झाले. तो संसार 2009 मध्ये मोडला. नव्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला जेमतेम बहुमत मिळालं, आणि वर्षाच्या आत राज्याच्या घटनात्मक न्यायालयानं तो निवडणूक कायदाच घटनाबाह्य ठरवला. म्हणून 2012 मध्ये पुन्हा निवडणूक. त्या वेळी ते उभेच राहिले नाहीत.

एक सांगायचं राहिलं. तिथं समुद्राकडचे मुख्य बांध राज्य सरकार सांभाळतं. म्हणजे ज्या बांधाआड जन्मले, त्याची निगा सात वर्षं त्यांच्याच सरकारकडे होती. तुमच्याकडे उघाडीची फळी सध्या कोण बदलतं, तेवढं मला कळवा.