अमेरिकेने जगाची चौकीदारी सोडली तर आपलं काय बिघडणार आहे?

बिघडतं, पण कुणाचं ते जहाजावर झेंडा कुठला आहे, म्हणजे ते कुठल्या देशात नोंदलंय, यावर ठरतं.

मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे. जानेवारी 2024 मध्ये आमचं बल्क कॅरियर (सुटा माल नेणारं जहाज) सुएझ ओलांडून खाली येत होतं. बाब-एल-मंदेब, म्हणजे लाल समुद्राच्या दक्षिण टोकाची चिंचोळी सामुद्रधुनी, येण्याच्या आदल्या रात्री एआयएस (जहाज कुठे आहे ते इतरांना कळवणारं यंत्र) बंद, डेकवरचे दिवे बंद. चाचे आले तर खाली सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद करता येणाऱ्या सुरक्षित खोलीत, लपायचं असतं; मिसाईलला उलटा नियम, पाण्याच्या रेषेच्या वर राहायचं. म्हणून माणसं लाइफजॅकेट घालून अकोमोडेशनच्या अ‍ॅलीवेत, म्हणजे राहायच्या खोल्यांमधल्या बोळात, भिंतीला टेकून बसली होती आणि गुहागरचा आमचा कुक मधूनच चहा फिरवत होता. पोर्ट साइडला, म्हणजे डावीकडे, येमेन; तिथले हुथी बंडखोर तेव्हा जहाजांवर मिसाईल सोडत होते. रेडिओच्या चॅनल 16 वर, जो सगळी जहाजं ऐकतात, कुणीतरी 'येमेनी नेव्ही' म्हणून वळायला सांगत होता. मग एका अमेरिकन युद्धनौकेचा शांत आवाज आला: लक्ष देऊ नका, कोर्स सोडू नका.

हे मी न्यू जर्सीच्या साडूंना सांगितलं ती चूक झाली. "आमच्या टॅक्सवर तुमची जहाजं चालतात," हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक गणपतीत ऐकतोय. फुकट कुणी काही करत नाही हो! डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने लाल समुद्रात जहाजांच्या रक्षणासाठी आघाडी उभारली, तेव्हा स्पेनने नकार दिला, फ्रान्सने आपल्या नौका आपल्याच हुकमाखाली ठेवल्या. नाटोतलेच हे. आणि 6 मे 2025 ला ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला तो एवढाच: अमेरिकेने बॉम्ब टाकायचे नाहीत, हुथींनी अमेरिकन जहाजांना हात लावायचा नाही. बाकीच्यांचं काय? जुलैत हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही जहाजं बुडवली. दोन्ही लायबेरियाच्या झेंड्याची. लायबेरियाचं आरमार येणार होतं का?

जहाजावर जाणाऱ्या पोरांनो, करारावर सही करण्याआधी रूट आणि झेंडा दोन्ही विचारा. साडूंचे टॅक्स मोजत बसू नका.

हां, त्या रात्री तो आवाज ऐकून बरं वाटलं होतं, हे नाकारत नाही. आणि त्याच महिन्यात हुथींच्या मिसाईलने मार्लिन लुआंडा हे टँकर पेटलं तेव्हा त्यावर 22 भारतीय होते. आग विझवायला आपल्या नौदलाची आयएनएस विशाखापट्टणम् धावली, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या घरचं विचाराल तर सूर्यफुलाचं तेल. काळ्या समुद्रातून येणारं जहाज लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून आलं की दिवसही वाढतात, भाडंही वाढतं.