गणित आवडतं ना? मग व्हिडिओ मध्येच थांबव

इंजिनिअरिंगला येऊन गणिताची ओढ टिकते का, असं विचारलंस. टिकते, पण जपावी लागते.

फूरियर सिरीज, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तरंग साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं, हे शिकताना मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फिरत्या वर्तुळांचे व्हिडिओ बघायचो. सगळं कळल्यासारखं वाटायचं. परीक्षेत पहिलाच गुणांक काढताना हात अडला. तेव्हापासून उत्तर पडद्यावर येण्याआधी व्हिडिओ थांबवतो आणि वही उघडतो.

तूही करून बघ. चौकोनी तरंग घे, म्हणजे सपाट चालून एकदम वर-खाली उडी मारणारा. साइन एक्स, मग त्यात साइन तीन एक्स भागिले तीन, मग साइन पाच एक्स भागिले पाच, असं मिळवत जा आणि आलेख काढ. जिथे तरंग उडी मारतो, तिथे एक टोक वर निघतं. वाटतं, अजून पदं घेतली की बसेल. बसत नाही! अरुंद होत जातं, पण उंची उडीच्या सुमारे ९ टक्के राहतेच. यालाच गिब्ज परिणाम म्हणतात. मी ते स्वतः काढलं, त्या रात्री झोपच आली नाही.

ऑनलाइन प्रश्न जरूर विचार, फक्त आपला अर्धामुर्धा प्रयत्न सोबत टाक. लोक जीव ओतून समजावतात. ०.९९९… म्हणजे १ का, यावर मात्र वाद घालत बसू नकोस. सिद्धता लिही आणि पुढे हो.

देवळालीचे शाळामास्तर कापरेकर माहीत आहेत ना? ६१७४ ही गमतीची संख्या त्यांना १९४९ मध्ये सापडली. आज रात्री ३५२४ घे. अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजा कर. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा कर. तीन पायऱ्यांत ६१७४ वर पोचशील.