जिवाणू वाढवून बायोडिझेलसाठी तेल मिळवता येतं का?

हो, पण कुठलाही जिवाणू चालत नाही; बहुतेक जिवाणू असं तेल साठवतच नाहीत. ऱ्होडोकॉकस ओपॅकस साठवतो. त्याच्या पीडी६३० या वाणात कोरड्या वजनाच्या ७६ टक्क्यांपर्यंत स्निग्धाम्लं, म्हणजे तेलाचे मूळ घटक, मोजली गेली आहेत!

सगळी खुबी खाद्यात आहे. साखर भरपूर द्यायची, नायट्रोजनचा पुरवठा मात्र तोडायचा. मग प्रथिनं बनत नाहीत, पेशींचं विभाजन थांबतं आणि साखर तेलात जाते. तेलात चमकणाऱ्या नाइल रेड या रंगाने रंगवून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा, इवलीशी पेशी चमकत्या थेंबांनी गच्च भरलेली दिसते.

पुढे पेशी फोडून तेल काढायचं आणि मिथेनॉलबरोबर अभिक्रिया करायची. बायोडिझेल आणि ग्लिसरीन मिळतं. अडतं ते साखरेच्या खर्चावर. म्हणून पेंढा, भुसा यांपासून काढलेल्या साखरेवर जिवाणू वाढवायचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.