आजोबा १९७१च्या लढाईत होते, पण ‘गेलो, लढलो, आलो’ याच्या पुढे बोलत नाहीत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड कशा कराव्यात?

लढाईपासून सुरुवात करू नका. ‘युद्धाचं सांगा ना’ या प्रश्नाला धरायला काही नसतं, म्हणून उत्तरही तेवढंच येतं. पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) काय भरलं होतं, एसएलआर रायफलच्या किती मॅगझिन मिळाल्या, लंगर (पलटणीचं स्वयंपाकघर) मागे राहिल्यावर काय खाल्लं, खंदक खणताना जमीन कशी लागली, हे विचारा. हातांनी केलेलं काम म्हातारपणीही पक्कं आठवतं आणि त्यातूनच लढाई वर येते.

त्याआधी घरातले कागद तुम्ही एकट्याने पाहून घ्या. डिस्चार्ज बुकात पलटण आणि तारखा असतात. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम. नुसत्या संग्राम पदकावरून आघाडी ठरत नाही. जुन्या पत्रांवर ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) असेल तर ते बहुधा पूर्वेकडून आलेलं, ५६ एपीओ असेल तर पश्चिमेकडून.

हे सगळं पहिल्या बैठकीत त्यांच्यासमोर मांडू नका. नकाशा किंवा फोटो दाखवला की माणूस स्वतःचं सोडून फोटोतलं सांगू लागतो. प्रसिद्ध लढाईत तर हे हमखास होतं. १ मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणजे जंगी पलटणीतला कुणीही आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं सांगताना, शरण या म्हणून आपल्याकडून गेलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने पाठवलेलं उत्तर आणि त्यासोबतची गोळी सांगणारच. ते पुरतं ऐका. मग विचारा, ‘त्या रात्री तुम्ही स्वतः कुठे होतात? डाव्या हाताला कोण होतं?’ खरी आठवण तिथे सुरू होते.

१९६५ आणि १९७१ची सरमिसळ झाली तर टोकू नका, ‘शेतात तेव्हा काय उभं होतं?’ एवढं विचारा. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबात खेमकरणला ऊस उभा होता. १९७१चा डिसेंबर थंडीचा, पूर्वेकडे भातकापणीचा. तारखा नंतर जुळवता येतात.

कैदेबद्दल दोन्ही बाजूंनी विचारा. आपले युद्धकैदी १ डिसेंबर १९७२ला वाघा सीमेवरून परतले. त्यांच्यापैकी असतील तर मोजणी दिवसातून किती वेळा व्हायची, पहिलं पत्र घरी कधी पोचलं, ‘बेपत्ता’ची तार आली होती का, हे विचारा. दुसरी बाजू पहाऱ्याची. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्याकडच्या छावण्यांत होते, शेवटचे एप्रिल १९७४मध्ये परत गेले. आजोबा तिथे ड्यूटीवर होते का, हे सहसा कुणी विचारतच नाही.

घरी परतल्यानंतरचं मात्र आजीला विचारा, आणि वेगळं बसवून. झोपेत ओरडायचे का, दिवाळीच्या फटाक्यांना काय करायचे, कोणत्या मित्राच्या घरी जायचं टाळलं, हे तिलाच माहीत असतं. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि तोच बहुतेक रेकॉर्डिंगमधून सुटतो.

सकाळी नाश्त्यानंतर ४० मिनिटं पुरतात. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा, नाहीतर सगळ्या वाक्यांवर घरघर बसते. तोफांच्या आवाजाने अनेकांचा एक कान गेलेला असतो. चांगल्या कानाच्या बाजूला, पण तोंड दिसेल असे बसा. खोलीत नातवंडांची गर्दी नको, गर्दीसमोर ते भाषण करतात. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, पलटण, तारीख बोलून घ्या. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा.

‘किती मारले?’ हे कधीही विचारू नका. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा; बंद करायला सांगितलं तर लगेच बंद करा. बैठक कुणाच्या मरणावर संपवू नका, सुट्टीच्या किंवा जेवणाच्या गोष्टीवर आणून सोडा. दुसऱ्या दिवशी झोप कशी लागली ते विचारा. सलग रात्री दचकून उठत असतील तर रेकॉर्डिंग थांबवा आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात दाखवा.

शहीद झालेल्या सोबत्यांची नावं ते सांगतील. तो भाग त्या घरच्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.